दिसलं, म्हणजे होतं का?

वाचकाचं पत्र :

ताई, नमस्कार. मी ठाण्याला राहते, शाळेत विज्ञान शिकवते. सासर कुडाळजवळचं. सासरे जाऊन आठ महिने झाले. ७२ वर्षांच्या सासूबाई गावच्या घरी असतात, सोबतीला मोठ्या जाऊबाई आहेत. सासूबाई स्वतः प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. खोटं बोलणं त्यांच्या स्वभावातच नाही. गणपतीत आम्ही गेलो होतो, तेव्हा वाती वळता वळता त्या सहज म्हणाल्या, ‘ते येतत.’ पहाटे कधीतरी खोकल्याचा आवाज येतो, एकदोनदा तर खाटेच्या पायथ्याशी उभे होते. ‘माका दिसले,’ म्हणाल्या. माझे मिस्टर भडकलेच. ‘आई, तुझ्या डोक्यावर परिणाम झालाय,’ असं सगळ्यांसमोर बोलले. तेव्हापासून मायलेकांचं बोलणं बंद आहे. चुलत दीर म्हणतात, एका जाणकाराकडून ‘बघून’ घेऊया. आणि गंमत बघा, हेच माझे मिस्टर लहानपणी दशावतार बघून परतताना त्यांना आणि बाबांना लागलेल्या चकव्याची गोष्ट दरवर्षी शपथेवर सांगतात! शहाणीसुरती माणसं असल्या गोष्टी इतक्या मनापासून कशा मानतात? आणि आईंना समजवायचं कसं? (एक राहिलं. त्याच घरात, गणपतीतच, मला पहाटे जाग आली आणि अंग हलेचना. उंबऱ्यात कुणीतरी उभं होतं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.)

उत्तर :

नमस्कार बाई,

शाळेत शिकवता, म्हणून ‘बाई’च म्हणते.

तुमच्या पत्रात सासूबाईंना सात-आठ ओळी मिळाल्यात, मिस्टरांच्या चकव्याला एक, आणि उंबऱ्यातल्या माणसाला कंस. गणित तुमच्याकडे नसेल, पण ‘कंचेभागुबेव’ ठाऊक असणारच. कंस आधी सोडवायचा. तर तिथूनच सुरू करते.

तुम्हाला जाग आली, डोळे उघडे होते, खोली ओळखीची होती आणि हातपाय दगडाचे झाले होते. माझा अंदाज, छातीवर दडपणही असणार. तुम्ही लिहिलं नाहीत, पण पुष्कळांना ते जाणवतं. गावात याला ‘छातीवर बसणं’ म्हणतात. कुणाच्या मते मुंज्या बसतो, कुणाच्या मते आणखी कोणी. डॉक्टरी नाव निद्रा-पक्षाघात. नाव ऐकून धडकी भरते, पण हा एरवी निरुपद्रवी प्रकार आहे. ज्या झोपेत आपल्याला ठसठशीत स्वप्नं पडतात, त्या झोपेत मेंदू हातापायांच्या स्नायूंना कुलूप घालून ठेवतो. नाहीतर स्वप्नात पळणारा माणूस खाटेवरून थेट जमिनीवर येईल. कधीकधी जाग आधी येते आणि कुलूप उघडायला काही सेकंद, क्वचित मिनिट-दोन मिनिटं उशीर होतो. तेवढ्या वेळात स्वप्नाचा उरलेला तुकडा खऱ्या खोलीत सांडतो. त्या झोपेत श्वास उथळ आणि आपोआप चाललेला असतो. तुम्ही घाबरून खोल श्वास घ्यायला जाता, छाती ऐकत नाही, आणि मेंदू निष्कर्ष काढतो की वर कोणीतरी बसलंय. अंगभर भीती पसरलेली असते, तिला कारण लागतं. मग ते कारण उंबऱ्यात उभं राहतं.

ही झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते, म्हणून असे प्रसंग बरेचदा पहाटेचे. झोपमोड झाली, वेळा बदलल्या, उताणं झोपलं, की शक्यता वाढते. गणपतीत गेला होतात. रात्रीची गाडी, पहाटे उठून मोदकांची तयारी, रात्री भजनं, पाहुण्यांच्या गर्दीत सापडेल त्या जागी अंथरूण. आणखी काय हवं? २०११ साली ३५ अभ्यासांची, मिळून ३६ हजारांवर माणसांची, एकत्र मोजदाद झाली. त्यात शंभरातल्या जवळजवळ आठ जणांना आयुष्यात एकदा तरी हा अनुभव आलेला निघाला. विद्यार्थ्यांत तर शंभरात २८. तुमच्या वर्गातली मुलं मोठी होऊन हॉस्टेलवर गेली, की त्यातल्या काहींच्या खोलीतही कोणीतरी येऊन उभं राहणार आहे.

कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर हीच गोष्ट घडते तेव्हा लोक म्हणतात, म्हातारी चेटकीण येऊन बसली. जपानी लोक त्याला कानाशिबारी म्हणतात, म्हणजे धातूनं जखडल्यासारखं होणं. अनुभव तोच, त्यावर पाटी कोणती लावायची ते गाव ठरवतं. तुम्ही विज्ञानाच्या बाई, त्यामुळे तुमच्याजवळ तयार पाटी नव्हती. म्हणून तुम्ही नुसतं ‘कुणीतरी’ लिहिलंत आणि कंस बंद केलात.

आता मला एक सांगा. तुम्ही हे मिस्टरांना का नाही सांगितलंत? ‘अगं काय वेडं स्वप्न पडलं’ म्हणून चहाच्या वेळी हसत सांगता आलं असतं. स्वप्नं आपण सांगतोच की. नाही सांगितलंत, कारण ते तुम्हाला स्वप्नासारखं वाटलंच नव्हतं. ते खरं वाटलं होतं. शहाणीसुरती माणसं असल्या गोष्टी कशा मानतात, या तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या कंसात तुम्हीच लिहिलंय.

‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस’ ही म्हण आपल्याकडे फार सैल हातानं वापरली जाते, आणि मला ती आवडत नाही. तिच्यातून असं सुचतं की ज्याला दिसतं तो भित्रा, अडाणी किंवा कच्च्या मनाचा. तुमच्या सासूबाई यातल्या काहीच नाहीत. उलट स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवणं हे सरळ माणसाचं लक्षण आहे. जन्मभर ज्या डोळ्यांनी रस्ता ओलांडला, तांदळातले खडे वेचले, मुलांच्या वह्या तपासल्या, त्या डोळ्यांवर एका रात्री अविश्वास का दाखवायचा? अडचण अशी, की नेहमीच्या गवळ्यानं एखाद्या दिवशी दुधात पाणी घातलं तर चव सांगते. डोळे पाणी घालतात तेव्हा चव बदलत नाही. बाहेरून आलेलं चित्र आणि मेंदूनं आतून भरलेलं चित्र, दोन्हींचा पोत एकच. कोणतं कुठून आलं याची चिठ्ठी त्यावर चिकटवलेली नसते.

एक प्रयोग सांगते. तुम्ही वर्गातही करून घेऊ शकाल. अंधाऱ्या रात्री आकाशातली एक अगदी फिकी चांदणी निवडा आणि तिच्यावर थेट नजर रोखा. ती नाहीशी होईल. जरा बाजूला बघा, पुन्हा दिसेल. डोळ्याच्या पडद्याच्या ऐन मध्यभागी अंधारात काम करणाऱ्या पेशीच नसतात, त्या कडेला असतात. ‘डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं, वळून बघितलं तर कोणी नाही’ हे वाक्य प्रत्येक भुताच्या गोष्टीत का असतं, त्याचं एक कारण इथे आहे. आणि अंधारातल्या या पेशींना रंग कळत नाहीत. फिकट रंगाचं जे काही असेल, वाळत घातलेला टॉवेल, केळीचं सुकलेलं पान, ते सगळं पांढुरकंच दिसणार. आपली भुतं पांढऱ्या कपड्यांची इतकी शौकीन का, याबद्दल माझा संशय इथवर येऊन थांबतो.

आता चकवा. हा माझा आवडता विषय, जरा सैलावून लिहिते.

तुमचे मिस्टर खोटं सांगत नाहीयेत. अंधारात माणूस खरोखरच गोल फिरतो. जर्मनीत ट्यूबिंगेनच्या मॅक्स प्लांक संस्थेत यान साउमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजून पाहिलं आणि २००९ साली प्रसिद्ध केलं. त्यांनी माणसांना एका मोठ्या, सपाट जंगलात सोडलं, अंगावर जीपीएस लावलं आणि सांगितलं, सरळ चालत राहा. ऊन असताना जे चालले ते बऱ्यापैकी सरळ गेले. आभाळ भरलेलं असताना जे चौघे चालले ते चारही जण गोल फिरले. त्यातल्या तिघांनी आपलीच वाट पुन्हा पुन्हा ओलांडली आणि त्यांना पत्ताही लागला नाही. डोळ्यांवर पट्टी बांधली तर काही जण २० मीटर व्यासाच्या वर्तुळातच घुटमळत राहिले. म्हणजे मोठ्या घराच्या खळ्याएवढ्या जागेत! एक पाय आखूड असतो म्हणून माणूस एका बाजूला वळतो, असं पूर्वी म्हणत. तेही टिकलं नाही, कारण तोच माणूस कधी डावीकडे वळत होता, कधी उजवीकडे. सरळ म्हणजे कुठे, याची आपली आतली जाणीव पावलागणिक थोडी थोडी घसरत जाते. बाहेर सूर्य, डोंगर, दिवा असं काही असेल तर ती परत जागेवर येते, नसेल तर येत नाही.

त्याच प्रयोगात एक जण ट्युनिशियाच्या वाळवंटात रात्री चालला. चंद्र होता तोवर सरळ गेला. चंद्र ढगाआड गेल्यावर वळत वळत आला होता त्या दिशेलाच निघाला.

आता दशावतार संपल्यावरची रात्र डोळ्यांसमोर आणा. नाटक संपायला पहाट होते. देवळासमोरच्या झगझगीत उजेडात तासन् तास बसून डोळे दिपलेले, मग एकदम काळोख. मळ्यातल्या मेरा, म्हणजे बांध, एकसारख्या एक. हातातल्या बत्तीचा उजेड पायापुरता, आणि त्या उजेडामुळे पलीकडचं उलट जास्तच काळं. झोपेनं पेंगुळलेला पोरगा आणि त्याचा हात धरलेला बाप. फिरून फिरून त्याच आंब्याखाली आले असतील तर त्यात नवल नाही. मला नवल वाटतं ते गावच्या उपायाचं. चकवा लागला की धडपडू नये, आहे तिथे बसून राहावं आणि उजाडलं की निघावं, असं जुनी माणसं सांगत. कारण काहीही मानोत, तोडगा अगदी बरोबर होता. सूर्य येईपर्यंत थांबा, हेच साउमन यांच्या नकाशांवरूनही दिसतं.

मिस्टरांच्या गोष्टीतला गोल फिरण्याचा भाग मी पदरात घेते. पण ती गोष्ट दरवर्षी सांगितली जाते म्हणता, तेव्हा तिच्या वाढीकडेही जरा लक्ष द्या. तुमचं लग्न झालं तेव्हा त्या आंब्याखाली ते किती वेळा आले होते, आणि आता किती वेळा येतात? मागे पैंजण वाजत होते का, की ते नंतर आले? मी त्यांची थट्टा करत नाहीये. आठवण ही पेटीत जपून ठेवलेली वस्तू नसते. दर वेळी आपण ती नव्यानं रांधतो, आणि मागच्या खेपेला घातलेला मसाला पुढच्या खेपेला मूळ पदार्थाचाच वाटतो. १९८६ च्या जानेवारीत ‘चॅलेंजर’ हे अमेरिकी अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उलरिक नायसर आणि निकोल हार्श यांनी अटलांटातल्या एमरी विद्यापीठातल्या मुलांकडून लिहून घेतलं, की बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होतात, काय करत होतात, कुणी सांगितलं. अडीच वर्षांनी त्यातल्या ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. ११ जणांचं एकही उत्तर पहिल्या कागदाशी जुळलं नाही. आणि ती मुलं गोंधळलेली नव्हती, छातीठोकपणे सांगत होती. स्वतःच्या हस्ताक्षरातला कागद समोर ठेवल्यावरही मूळ आठवण परत आली नाही. अडीच वर्षांत ही गत. दशावताराच्या त्या रात्रीला किती वर्षं झाली?

आणि त्या गोष्टीत आणखी एक आहे. तिच्यात बाबा आहेत. त्या रात्री त्यांनी मुलाचा हात सोडला नव्हता. तुमचे मिस्टर दरवर्षी चकवा सांगतात की तो हात सांगतात, हे एकदा त्यांच्या तोंडाकडे बघत ऐका.

आता आईंकडे येते. इथे मी सावकाश लिहिणार आहे.

१९७१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत वेल्समधल्या एका खेड्याकडच्या डॉक्टरांनी, डेवी रीस त्यांचं नाव, आपल्या भागातल्या विधवा-विधुरांना भेटून एक साधा प्रश्न विचारला, की गेलेला जोडीदार जवळ आहे असं कधी जाणवलंय का. २९३ जणांशी ते बोलले. जवळपास निम्म्यांनी हो म्हटलं. बहुतेकांना नुसतं ‘आहे’ असं जाणवत होतं. शंभरात १४ जणांना दिसलं होतं, १३ जणांना ऐकू आलं होतं, काही थोड्यांना स्पर्शही जाणवला होता. ज्यांचा संसार दीर्घ आणि सुखाचा झाला होता, त्यांच्यात हे प्रमाण जास्त होतं. पुष्कळांना त्यातून आधार वाटत होता. आणि त्यातल्या बहुतेकांनी डॉक्टर विचारेपर्यंत ही गोष्ट कुणापाशीही काढलेली नव्हती. ना मुलांपाशी, ना शेजारणीपाशी. का, ते तुम्हाला सांगायला नको. तुम्हीही कंसातच सांगितलंत.

म्हणजे सासूबाईंना जे होतंय ते वेड नव्हे, आणि दुर्मीळ तर नव्हेच. पन्नासेक वर्षं शेजारच्या खाटेवरून एक खोकला ऐकलाय त्यांनी. मेंदू काही नुसती आलेली टपाल वाटत बसत नाही. पुढे काय येणार याचा तो सतत अंदाज बांधत असतो आणि कानाडोळ्यांकडून फक्त दुरुस्त्या मागवतो. पन्नास वर्षांचा अंदाज आठ महिन्यांत पुसला जात नाही. वासा कुरकुरला, गोठ्यात गुरानं अंग झटकलं, माडाची झावळी पडली, की अर्धवट झोपेतल्या मेंदूला तो खोकला पुरा करायला तेवढं बस होतं.

माझं सांगते. आमचं मांजर गेलं, त्याला आता सहा वर्षं झाली. ते गेल्यावर दोनेक महिने ओट्याशी उभी राहिले की पोटरीला अंग घासल्यासारखं व्हायचं. मी पाय जपून उचलायची, शेपटीवर पडू नये म्हणून. भूत असतं असं मी मानत नाही, मांजराचं तर नाहीच नाही. तरी पाय जपून उचलायची.

मराठीनं आपली एक सोय करून ठेवली आहे, ती वापरा. ‘मी पाहिलं’ आणि ‘मला दिसलं’ यांत फरक आहे. पाहणं ही मी केलेली क्रिया, दिसणं हे माझ्या बाबतीत घडलेलं. सासूबाईंनी काय म्हटलं होतं? ‘माका दिसले.’ मास्तरीणबाई आहेत, शब्द नेमका वापरलाय. त्यांना दिसलं, हे शंभर टक्के खरं. तिथे कोणी होतं का, हा वेगळा प्रश्न, आणि त्याचं उत्तर माझ्या मते ‘नाही’. तुमच्या मिस्टरांनी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या प्रश्नाला दिलं. आई म्हणाली मला दिसलं, आणि लेकानं सगळ्यांदेखत सांगितलं, तुझं डोकं फिरलंय. कोणती आई बोलेल?

म्हणून ‘समजवायचं कसं’ हा प्रश्न मी बाजूला ठेवते. सध्या समजवू नका, विचारा. कसे दिसले, अंगावर काय होतं, काही बोलले का, तुम्हाला भीती वाटली की बरं वाटलं? नवरा गेल्यावर पहिल्या तेरा दिवसांत सगळा गाव त्यांच्याविषयी बोलतो. आठव्या महिन्यात कुणी नावही काढत नाही. वाती वळताना त्यांनी तो विषय काढला, तो मला पुरावा म्हणून मांडल्यासारखा वाटत नाही. बाबांविषयी बोलायचं होतं त्यांना.

विचारण्यात आणखी एक उपयोग आहे. काही उत्तरं ऐकली तर डॉक्टर गाठावा लागतो. नवऱ्याऐवजी अनोळखी माणसं, मुलं, जनावरं दिसतात, तीही भरदिवसा आणि मूकपणे, असं त्या म्हणाल्या तर आधी डोळे तपासा. १७६० साली चार्ल्स बोने या स्विस निसर्गअभ्यासकानं आपल्या ८९ वर्षांच्या आजोबांबद्दल लिहून ठेवलंय. मोतीबिंदूनं नजर गेलेली, डोकं ठणठणीत, आणि समोर माणसं, पक्षी, गाड्या दिसायच्या. डोळ्यांकडून पुरेसा माल आला नाही की मेंदू पदरचा घालतो. सासूबाईंचा मोतीबिंदू शेवटचा कधी बघितलाय? हा प्रकार एकाएकी सुरू झाला असेल, सोबत ताप, लघवीची जळजळ, दिवस-रात्रीचा गोंधळ असेल, किंवा नुकतीच एखादी नवी गोळी चालू झाली असेल, तर वाट बघू नका. हात थरथरणं, चाल मंदावणं, झोपेत हातपाय झाडणं, विसरभोळेपणा हेही सोबत असेल तर मेंदूविकाराच्या डॉक्टरांना दाखवा. आणि त्या जेवत नसतील, किंवा ‘ते बोलावतात, मला जायचंय’ असं म्हणाल्या, तर त्याच दिवशी हालचाल करा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फुकट बोलता येतं. तुमच्या पत्रात मला यातलं काही दिसत नाही. दिसतंय ते एवढंच, की एक बाई एकटी झालीय.

चुलत दिरांना मात्र ठाम नाही म्हणा. ‘बघून’ घेण्याची सुरुवात नारळ-तांदळानं होते, शेवट कुठे होईल सांगता येत नाही. ‘घरातलं माणूस अडकलंय’ हे एकदा बाहेरच्या माणसाच्या तोंडून आलं, की ज्या खोकल्यानं आज सासूबाईंना सोबत होते, त्याचीच त्यांना धास्ती वाटायला लागेल. अनुभव तोच असला तरी पाटी बदलली की तो वेगळा वाटायला लागतो. दीर ऐकत नसतील तर हेही कानावर घाला, की महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हे त्याखाली गुन्हे आहेत, आणि शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. ते लगेच म्हणतील, आमचा जाणकार तसला नाही. असेलही. तरी नको.

ते आणखी एक म्हणतील, जर तुमचा कंस कधी त्यांच्या कानावर गेला तर. ‘बघा, एकाच घरात दोघींना!’ गाव याला पुरावा म्हणतं. पण तुम्हाला हलता येत नव्हतं आणि उंबऱ्यात परकं कोणी होतं. त्यांनी अंग हलेना असं म्हटलेलं नाही, आणि पायथ्याशी आपलं माणूस होतं. ही दोन वेगळी प्रकरणं. एकच कौल दोन्हींवर बसत नाही. अर्थात घरालाही एक नजर टाका. १९२१ साली अमेरिकेतल्या विल्मर नावाच्या नेत्रतज्ज्ञांनी एका ‘झपाटलेल्या’ कुटुंबाची हकिगत छापली होती. पावलं वाजायची, माणसं दिसायची, नोकरांनाही त्रास. शेवटी घर तापवायची बिघडलेली भट्टी सापडली, तिचा विषारी धूर घरात कोंडत होता. कोकणातलं कौलारू घर हवेशीर असतं, पण हल्ली बंद न्हाणीघरात गॅसचा गीझर बसवलेला असतो. घरात एकाहून जास्त जणांचं डोकं दुखत असेल तर तो तपासून घ्या.

मिस्टरांशी कसं बोलायचं, ते तुम्ही विचारलेलं नाही, पण खरी गाठ तिथे आहे. वडील जाऊन त्यांनाही आठच महिने झालेत. आईला ते दिसतात, मला का नाही, असं काही त्यांच्या रागाखाली आहे का, मला माहीत नाही. तुम्हाला कळेल. मी असते तर आधी त्यांना उंबऱ्यातलं सांगितलं असतं. माझ्याही डोक्यावर परिणाम झालाय का, असं विचारलं असतं. मग दिवाळीत आईंकडे गेल्यावर चकव्याची गोष्ट त्यांनी सांगायची, पण या खेपेला आईंना मध्ये बोलू द्यायचं. ते दोघं त्या पहाटे घरी परतले तेव्हा दार आईंनीच उघडलं असेल. त्या बाजूची गोष्ट कुणी ऐकलीय का अजून?

व्यवहाराचं थोडं. डोळे तपासून घ्या, चष्म्याचा नंबर बघा. झोपेच्या गोळ्या चालू असतील तर कोणत्या, ते लिहून डॉक्टरांना दाखवा. जाऊबाईंनी काही दिवस त्याच खोलीत झोपावं, आईंना चालणार असेल तर. तुम्ही कुशीवर झोपत जा.

रात्री खाटेजवळ एखादा झिरोचा बल्ब लावून ठेवावा, असं अशा वेळी मी सगळ्यांना सांगते. अर्धवट अंधारात होणारे बरेचसे भास त्यानं थांबतात. तुमच्या सासूबाईंना मात्र विचारून लावा. त्या नको म्हणाल्या, तर लावू नका.